जाहीर इशारा : माझ्या कपाटातल्या रिकाम्या जागांबाबत

तमाम नातेवाईक, शेजारी, आजी-माजी सहकारी, लोकलमधल्या मैत्रिणी आणि ‘वाचून लगेच देते हं’ म्हणून गेलेले सर्व संबंधित यांना कळविण्यात येते की, माझ्याकडून नेलेली पुस्तके येत्या 15 ऑक्टोबरला संध्याकाळी सात वाजेपर्यंत माझ्या घरी पोचली पाहिजेत. दिवस मुद्दाम निवडला आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस राज्य सरकार 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतं, आणि त्या दिवशी तुमच्यापैकी बरेच जण हातात पुस्तक धरून स्वतःचे फोटो टाकतात. गेल्या वेळी अशा एका फोटोतलं पुस्तक माझं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर मी घातलेलं, आणि त्यावरची एकादशी फोटोत स्पष्ट दिसत होती.

सात म्हणजे सात. त्यानंतर थकबाकीदारांची यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागेल. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी तिथे लागते, तेव्हा कोणाला वावगं वाटत नाही. त्याच यादीशेजारी, तशाच टायपात, नाव, फ्लॅट नंबर, पुस्तकाचं नाव आणि नेल्याची तारीख. ज्यांचं नाव दोन्ही याद्यांत येईल त्यांनी आपलं बघावं.

‘मी तर दिलं होतं’ हा बचाव चालणार नाही. माझ्याकडे उसनवारीची वही आहे. ‘माझ्याकडून नणंदेने नेलं’ हाही नाही. नणंदेला मी ओळखत नाही, तुम्हाला ओळखते. ‘घर बदलताना खोक्यात गेलं’ असं म्हणणाऱ्यांनी खोकं फोडावं. त्याच खोक्यातला मिक्सर दुसऱ्या दिवशी सापडला होता, हे मला पक्कं माहीत आहे, कारण तो शोधायला मीच आले होते. आणि ‘अजून वाचून व्हायचंय’ हे तर सगळ्यांत निर्लज्ज. वाचणारा माणूस पुस्तक ठेवून घेत नाही. तो ते संपवतो, अर्ध्या रात्री फोन करतो, भांडतो आणि परत आणून देतो. वर्षानुवर्षं ठेवून घेतात ते न वाचणारेच.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा रिवाज आपण अजून पाळतो. डब्यात निदान साखर तरी घालून देतो. मग त्याच शेजारणीचं पुस्तक मात्र आपल्या टीव्हीखाली कायमचं मुक्कामाला का येतं? माझं उत्तर सरळ आहे. डबा कोणाचा तरी असतो आणि पुस्तक कोणाचंच नसतं, ते फुकट असतं, असं आपण मनात धरून चाललो आहोत. हा इशारा त्या समजुतीला आहे. तेव्हा जे पुस्तक नेत नाहीत त्यांनीही पुढे वाचावं. तुमच्यापैकी कोणी सुटलेलं नाही.

दिवाळी अंकांबाबत वेगळं सांगते, कारण ‘अंकच तर होता’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकून घेतलं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर अंक वाचतो आणि तेव्हापासूनच, माझी खात्री आहे, शेजाऱ्याचा अंक लंपास करतो. मी अंक एका क्रमाने वाचते. आधी अनुक्रमणिका, मग व्यक्तिचित्रं आणि आठवणी, मग दीर्घकथा, कविता सकाळी, राशिभविष्य कधीच नाही. हा क्रम होळीपर्यंत चालतो. मध्येच येऊन ‘तुझा वाचून झालेला एखादा दे’ म्हणणाऱ्यांना यंदापासून फक्त राशिभविष्याची पानं मिळतील.

आता परत येणाऱ्या पुस्तकांच्या स्थितीविषयी. पानाचा कोपरा दुमडलेला चालणार नाही. खूण म्हणून बसचं तिकीट, लग्नपत्रिकेची पट्टी, काहीही ठेवा; मोरपीस, पिंपळपान आणि हेअरपिन सोडून. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. पट्टी काही वर्षांत पिवळी पडून सुटते, पण तिचा गोंद अक्षरांवर तसाच राहतो. फाटलेलं पान तसंच आणून द्या, मी तांदळाच्या खळीने पातळ कागद लावेन. पुस्तकाला रबरबँड घालू नये, तो वितळून मुखपृष्ठावर बसतो. आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो. ओल आणि खळ या दोन्ही कसरीच्या आवडीच्या गोष्टी, तेव्हा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात माझं पुस्तक ठेवू नये. आणि चिवडा. चिवडा खात वाचणाऱ्यांना मी बोलत नाही, मीही जेवताना वाचते. पण पान उलटायचा हात वेगळा आणि घास घ्यायचा वेगळा, एवढं शिस्तीचं वळण शाळेत नाही तर घरी तरी लागायला हवं होतं.

लोकलमधल्या मंडळींना स्वतंत्र समज. मी ठाण्याहून सुटणारी धिमी गाडी मुद्दाम पकडते. जलद गाडी लवकर पोचवते, पण तीत पान उलटायला कोपर हलत नाही. मुलुंड ते मशीद हा माझा वाचायचा वेळ आहे. या वेळात ‘काय वाचताय?’ असं विचारून, मी मुखपृष्ठ दाखवल्यावर ‘मला बाई वेळच मिळत नाही’ असं म्हणणाऱ्या बाईने तोच वेळ भांडुपपासून कुर्ल्यापर्यंत सुनेविषयी बोलण्यात घालवला, तर यापुढे मी मोठ्याने वाचायला सुरुवात करेन. खांद्यावरून वाचणाऱ्यांना मात्र पूर्ण मुभा आहे. फक्त मी पान उलटण्याआधी त्यांनी हूं म्हणावं.

शेवट सांगणारे हा खरं म्हणजे फौजदारी विषय आहे. सार्वजनिक वाचनालयातली रहस्यकथा उघडावी आणि पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीने खुन्याच्या नावाखाली दुहेरी रेघ ओढलेली असावी, हा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या किती कथांचा असा खून झाला असेल कोण जाणे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे, मुंबईचं 1898 पासून. मागच्या पिढ्यांनी वर्गण्या गोळा करून ही कपाटं भरली. त्यातल्या पुस्तकाच्या समासात ‘छान!’, ‘खरे आहे’ आणि ‘लेखकाला अक्कल नाही’ असे शेरे मारणाऱ्यांनी स्वतःची वही विकत घ्यावी. समासातली एक टीप मात्र मी जपून ठेवली असती, जर पुस्तक माझं असतं: कोण्या अनामिकाने एका प्रवासवर्णनात अंतर चुकल्याचं दाखवून नीट आकडा लिहिला होता. असे लोक या इशाऱ्यातून वगळले आहेत.

पीडीएफ पाठवणाऱ्यांनो, आता तुम्ही. सकाळी ‘सुप्रभात’च्या फुलाबरोबर ‘मराठीतली 100 गाजलेली पुस्तकं, पुढे पाठवा’ असं जे तुम्ही ढकलता, ते वाचनप्रेम नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. जी. ए. कुलकर्णी 1987 साली गेले, म्हणजे त्यांच्या कथांवरचा हक्क 2047 अखेरपर्यंत. वि. स. खांडेकरांचा 2036 पर्यंत. पु. लं.चा 2060 पर्यंत. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम 63 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मी गटात लिहिलं तेव्हा एका काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि त्याखाली आणखी एक पीडीएफ.

फुकटच वाचायचं असेल तर राजमार्ग मोकळा आहे. हरिभाऊ आपटे 1919 साली गेले, लक्ष्मीबाई टिळक 1936 साली, ज्ञानकोशकार केतकर 1937 साली, साने गुरुजी 1950 साली. या सगळ्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. एवढं वाचून संपवा, मग बोलू. ‘स्मृतिचित्रे’ हातात घेऊन चार पानांतही जो हसला नाही, त्याने माझ्याकडे पुस्तक मागायला येऊच नये.

याच गटांवर पु. ल. आणि कुसुमाग्रज यांच्या नावाने ज्या कविता फिरतात, त्यांबद्दल एकदाच सांगते. कविता पुढे पाठवण्याआधी ती कोणत्या संग्रहात आहे ते लिहावं. संग्रहाचं नाव नसेल तर ती कविता तुमच्या मेहुण्याची आहे, असं मी धरेन आणि तसं गटात लिहीन. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, ही कारवाई विशेष कडक असेल.

कादंबरीचा पुरावा देणाऱ्यांनाही ताकीद. लग्नाच्या पंगतीत ‘माधवराव रमाबाईंना तेव्हा असं म्हणाले होते’ हे ठासून सांगणाऱ्याने ते रणजित देसाईंनी 1962 साली ‘स्वामी’त लिहिलं की कुठल्या कागदात मिळालं, हे आधी पाहावं. ‘स्वामी’ मलाही प्रिय आहे. पण इतिहासाचा दाखला द्यायचा तर सरदेसाईंच्या रियासतीचे खंड उचलावेत, वजनाला जड आहेत तरी. तसंच कर्णाचं. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ही दोन्ही 1967 सालची पुस्तकं. पहिलं तोंडपाठ असलेल्यांनी दुसरं उघडलेलं मी क्वचितच पाहते. माझ्याकडे ‘मृत्युंजय’ मागायला येणाऱ्याला यापुढे ‘युगान्त’ आधी दिलं जाईल, आणि ते परत आल्यावरच पुढची मागणी ऐकली जाईल.

आणि प्रकाशकहो, तुम्ही हे सगळं वाचून मनातल्या मनात टाळ्या वाजवत असाल तर थांबा. तुमच्याविषयीची तक्रार उसनवाऱ्यांपेक्षा मोठी आहे, कारण तुम्हाला मी पैसे दिले आहेत.

पाचशे पानांचं चरित्र आणि शेवटी नावांची सूची नाही, हा मराठीतला जुना रोग. एखाद्या माणसाचा उल्लेख कुठे आला ते शोधायला वाचकाने पाचशे पानं पुन्हा चाळायची? सूची करायला माणूस लागतो, त्याला मानधन द्यावं लागतं, हे मला कळतं. चकचकीत मुखपृष्ठाला आणि प्रकाशन समारंभाच्या शालींना पैसे मिळतात, हेही कळतं. अनुवादित पुस्तकात मूळ पुस्तकाचं नाव आणि साल नसतं, अनुवादकाचं नाव आत कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात. चौदावी आवृत्ती म्हणून मिरवता, पण मागच्या तेरांत काय बदललं ते सांगत नाही. बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं, पहिल्या आवृत्तीतली चूकसुद्धा नाही. जुनं पुस्तक नव्या फाँटात घेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि कोणी वाचून पाहत नाही, कारण मुद्रितशोधक ही जात तुम्ही जवळजवळ संपवलीत. फर्मे शिवायचे सोडून नुसत्या गोंदावर पानं चिकटवता. जाड पुस्तक दोनदा उताणं उघडलं की पानं हातात येतात. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. अभिजात भाषेतलं पुस्तक निदान दुसऱ्या वाचनापर्यंत तरी एकसंध राहावं.

यात सगळ्यांत जास्त राग मला संहितेच्या लपवाछपवीचा येतो. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ घ्या. सत्तावन्नच्या धामधुमीत सापडलेल्या भिक्षुकाची ही हकिकत चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली छापली, पण भाषेवर हात फिरवून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आणला. म्हणजे एकाच नावाखाली दोन निरनिराळी पुस्तकं. दोन्ही वाचण्यासारखी आहेत. गोडशांचं स्वतःचं, मोडकंतोडकं, श्वास न घेता धावणारं मराठी ऐकायचं तर दुसरं. मग दुकानात जी प्रत माझ्या हाती येते तिच्यावर हा कोणता पाठ, हे स्पष्ट छापायला काय हरकत आहे? औषधाच्या पट्टीवरही आत काय आहे ते लिहितात. यापुढे ज्या पुनर्मुद्रणावर पाठ कोणता, संपादक कोण, मूळ साल कोणतं हे नसेल, ते मी घेणार नाही, आणि माझ्या ओळखीत कोणाला घेऊ देणार नाही. माझी ओळख मोठी आहे. अर्धी माझी पुस्तकं घेऊन बसली आहे.

आता कार्यपद्धती. पुस्तक वॉचमनकडे, इस्त्रीवाल्याकडे किंवा दाराच्या कडीला पिशवीत अडकवून ठेवू नये. स्वतः आणून द्यावं. पोच मिळेल, चहाही मिळेल. पुस्तक खरंच हरवलं असेल तर तीच आवृत्ती शोधून आणावी, फोर्टच्या पदपथावर किंवा अप्पा बळवंत चौकात, जिथे मिळेल तिथे. त्याऐवजी स्वयंविकासाचं एखादं पुस्तक भेट देऊन प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न झाल्यास मुदत आपोआप रद्द होईल. त्याच दिवशी नवं पुस्तक मागता येईल, परंतु वहीत सही, पुस्तकासह फोटो आणि परतीची तारीख या तीन अटींवर, आणि तारीख मी ठरवेन. पंधरा वर्षांखालच्या मुलांना यातली एकही अट लागू नाही. त्यांनी हवं ते न्यावं, आई-वडिलांना दाखवू नये.

सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांना विशेष सूचना : नोटीस बोर्डाच्या काचेची किल्ली आपल्याकडे आहे. ती 15 तारखेला सकाळीच माझ्याकडे द्यावी, आणि देताना सोबत ‘बनगरवाडी’ही आणावी.