अडगळ आणि ठेवा

नवरात्र आठवड्यावर आले की मराठवाड्यात गावोगावी ‘दसरा काढण्याची’ लगबग सुरू होते. घरातल्या साऱ्या गोधड्या-वाकळा नदीवर नाही तर विहिरीवर धुऊन निघतात, उतरंड उतरवली जाते, फडताळे रिकामी होतात, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, भिंतींवरून पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरतो आणि मगच घरात घट बसतो. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत जालना जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या घरात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. वर्षातून एकदा घर मुळापासून हलवायचे, प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि पुन्हा जागेवर लावायची, ही शिस्त आपल्या सणांच्या व्यवस्थेतच विणलेली आहे. त्यासाठी गृहिणीला कोणाचे व्याख्यान ऐकावे लागले नाही.

परंतु दरवर्षीची स्वच्छता वेगळी आणि आयुष्याच्या वळणावर घर आवरणे वेगळे. सेवानिवृत्ती, मुलांचे परगावी स्थायिक होणे, भावाभावांतील वाटणी, आई-वडिलांचे जाणे, जुने माळवदाचे घर पाडून तेथे स्लॅबचे बांधकाम करणे, हे प्रसंग आज प्रत्येक कुटुंबात येत आहेत. अंबड, परतूर, घनसावंगी, जाफराबाद या तालुक्यांतील शिकलेली पिढी पुण्याला, संभाजीनगरला, बंगळुरूला आणि त्याहीपलीकडे परदेशात गेली. गावातल्या मोठ्या घरात आधी दोघे उरले, मग एकच आणि एके दिवशी तेही नाही. तेरावा होतो, पाहुणे पांगतात, मुलांच्या रजेचे दोनच दिवस शिल्लक असतात. त्या दोन दिवसांत साठ वर्षांचा संसार ‘निकालात काढायचा’ असतो. मग भंगारवाल्याला निरोप जातो आणि संध्याकाळपर्यंत घर मोकळे होते. काय गेले, याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

जालन्याला भंगाराचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. बियाण्यांच्या उद्योगाप्रमाणेच पोलादाच्या उद्योगानेही या शहराचे नाव देशभर नेले. दूरदूरहून आलेले मोडके लोखंड येथील भट्ट्यांत वितळते आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडते. घरातला तुटका पलंग, गंजलेला पत्रा, कोठीचे झाकण भट्टीत गेले तर त्यात शोक करण्यासारखे काही नाही. उद्या कोणाच्या तरी छताच्या आधाराला ते उभे राहील. लोखंडाला पुनर्जन्म आहे. कागदाला तो नाही. ज्या पोत्यात गंजका पत्रा जातो, त्याच पोत्यात आजोबांच्या ट्रंकेतला कापडात बांधलेला रुमालही जातो, आणि घराची स्मृती किलोच्या भावाने विकली जाते.

या स्मृतीचे मोल काय, हे याच जिल्ह्याने अलीकडे अनुभवले आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २०२३ च्या ऑगस्टअखेरीस उपोषण सुरू झाले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच निजामकाळातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा हा येथे विषय नाही. विषय आहे तो कागदाचा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागदपत्रे तपासून झाली होती आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या होत्या. गवताच्या गंजीतून सुई शोधावी तसे हे काम होते. शासकीय दप्तराबरोबर घरोघरच्या ट्रंकाही उघडल्या गेल्या. खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, वंशावळ, एखादे जुने खरेदीखत. ज्याच्या घरी असा कागद जपलेला होता, त्याच्या हाती काही तरी होते. ज्याच्या घरी तो मागल्या दिवाळीत रद्दीत गेला होता, त्याच्या हाती फक्त हळहळ होती.

मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न इतर प्रांतांपेक्षा अधिक बिकट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीखाली होता. सरकारदरबारची भाषा उर्दू, तर घरचा आणि व्यापाराचा व्यवहार मोडीत. रझाकारांच्या काळात कित्येक कुटुंबांनी घरदार सोडून सरहद्दीबाहेर आश्रय घेतला. त्या धामधुमीत जे हाती लागले तेवढेच टिकले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा घटक झाला. राज्ये बदलली, लिपी बदलली आणि दोन पिढ्यांत घरचाच कागद घरच्याच माणसाला वाचता येईनासा झाला. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी, निरुपयोगी म्हणून रद्दी, असा हा सरळ प्रवास आहे. मोडी कागद मोडीत निघाले ते असे.

ज्या भूमीत हे घडते, तिनेच कागद जपण्याचा संस्कार महाराष्ट्राला दिला, हे विसरता कामा नये. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला. त्यांनी दासबोधात ‘लेखनक्रियानिरूपण’ नावाचा एक संपूर्ण समास लिहिला. अक्षर कसे असावे, लेखणी, शाई आणि कागद कसे असावेत, लिहिलेला ग्रंथ कसा निगुतीने ठेवावा, याचा इतका बारकाईने विचार करणारा हा पुरुष घरदार सोडून निघालेला विरक्त होता. स्वतःसाठी काही न साठवणारा संन्यस्त समाजासाठी ग्रंथ मात्र जपायला सांगतो, यातच साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

समर्थांचे आणि त्यांच्या शिष्यांचे वाङ्मय आज आपल्यापुढे आहे ते धुळ्याच्या शंकरराव देवांसारख्यांमुळे. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन करून त्यांनी मठामठांतून आणि घराघरांतून बाडे गोळा केली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तर उभे आयुष्य गावोगावची दप्तरे धुंडाळण्यात घालवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांमागे त्यांची ही पायपीट आहे. ही माणसे वेळेवर पोहोचली तेथे इतिहास वाचला. त्यांच्याआधी जेथे वाळवी किंवा चूल पोहोचली, तेथे तो संपला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा घरगुती वस्तूंतून एक मोठे संग्रहालय उभे केले. लोकांच्या माळ्यावर पडून राहिलेल्या किंवा मोडीच्या वाटेवर असलेल्या अशाच वस्तूंत त्यांना आपल्या पूर्वजांचे हात दिसले.

प्रश्न केवळ इतिहासाचा असता, तर तो अभ्यासकांवर सोपवता आला असता. तो रोजच्या व्यवहाराचाही आहे. ३१ मार्च २०२४ अखेर देशातील बँकांतून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग झालेल्या दावा न केलेल्या रकमा ७८,२१३ कोटी रुपयांवर गेल्या होत्या. दहा वर्षे ज्या खात्याकडे कोणी फिरकले नाही, त्यातील हे पैसे आहेत. त्यामागे आळस आहे, तसे अज्ञानही आहे: वडिलांनी ठेव कोणत्या शाखेत ठेवली, पावती कोठे आहे, वारस म्हणून कोणाचे नाव दिले आहे, हे मुलांना ठाऊकच नसते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा ठेवी शोधण्यासाठी ‘उद्‌गम’ हे संकेतस्थळ सुरू केले; परंतु घरात एक वही नीट लिहिलेली असेल तर संकेतस्थळाची पायरी चढावीच लागत नाही. शेतीचेही तसेच. वारसाहक्काने जमीन आली तर तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत सांगितलेले आहे. प्रत्यक्षात आजोबांच्या नावावरचा सातबारा नातवाच्या लग्नापर्यंत तसाच राहतो, आणि जमीन संपादनाचा मोबदला मिळण्याची वेळ आली की सख्खे भाऊ न्यायालयाच्या पायऱ्यांवर समोरासमोर उभे ठाकतात.

याचा अर्थ घरातले काहीच टाकू नये, असा मुळीच नाही. दुसरे टोकही तितकेच घातक आहे. हप्त्यांवर आणलेल्या वस्तूंनी मध्यमवर्गीय घरे आज गोदामे झाली आहेत. बिघडलेला मिक्सर ‘कधी तरी दुरुस्त करू’ म्हणून माळ्यावर जातो, लग्नात आलेले भेटवस्तूंचे खोके दहा वर्षे उघडले जात नाहीत. पूर्वी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देऊन जाई, फाटक्या लुगड्याची गोधडी होई. वस्तू घरात येण्याइतकाच तिचा घरातून जाण्याचा मार्गही ठरलेला होता. आता येण्याचे मार्ग शंभर झाले आणि जाण्याचा एकही धड उरला नाही. जपानच्या मारी कोंदो यांचे घर आवरण्यावरचे पुस्तक जगभर खपले. जी वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो ती ठेवा, बाकीच्या सोडा, असे त्या सांगतात. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांनी २०१७ मधील पुस्तकात, आपल्या मागे मुलांना ओझे होऊ नये म्हणून हयातीतच घर हलके करण्याची त्यांच्याकडील रीत मांडली. अपरिग्रह हे व्रत आणि वानप्रस्थ हा आश्रम मानणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. मात्र ‘मला आनंद होतो का’ एवढीच कसोटी आपल्याला पुरणार नाही. आजीचा फाळणीचा वा भूमापनाचा कागद पाहून कोणाला आनंद होत नसतो. घर एकट्याचे नसते. ते गेलेल्यांचे आणि येणाऱ्यांचेही असते. म्हणून कसोटी आनंदाची नव्हे, उत्तरदायित्वाची असावी.

त्या कसोटीने पाहिले तर मार्ग अवघड नाही. पहिली गोष्ट, घर वडीलधारे असताना, त्यांच्यासह आवरावे. ट्रंक आईसमोर उघडली तर प्रत्येक वस्तूची कथा मिळते; तिच्या मागे उघडली तर उरतात केवळ वस्तू. शिवाय तिच्या डोळ्यांदेखत, तिला न विचारता तिचा संसार पोत्यात भरणे हा तिचा अपमान आहे. दुसरी गोष्ट, कागद आणि वस्तू कधीही एकत्र आवरू नयेत. कागदांना स्वतंत्र दिवस द्यावा. जमीन, बँक, विमा, निवृत्तिवेतन, शाळा, जन्म-मृत्यू असे गठ्ठे करावेत आणि त्यांची यादी एका वहीत लिहून ती घरातील किमान दोघांना ठाऊक करून द्यावी. वाचता न येणारा कोणताही कागद जाणकाराला दाखवल्याखेरीज घराबाहेर जाऊ देऊ नये. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात. घरातील एखाद्या तरुणाने वा तरुणीने ती लिपी शिकून घेतली तर कुळाची किल्लीच हाती येईल. तिसरी गोष्ट, वाटणीच्या वेळी लेकींना वगळू नये. कायद्याने त्यांचा हक्क आहेच. पण आईचा पोळपाट किंवा वडिलांचे पत्र कोणाला हवे, हेही त्यांना विचारावे. देवघरातील टाक कोणाकडे जायचे, कुलाचार कोण चालवणार, हे वडीलधाऱ्यांनी हयातीतच सांगून ठेवावे, म्हणजे देवांवरून भाऊबंदकी होत नाही. एवढे झाल्यावर जे उरेल ते मोकळ्या मनाने द्यावे: भांडी गरजूच्या घरी, पुस्तके गावच्या वाचनालयात आणि लोखंड खुशाल भट्टीत.

समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही येथे मोठे क्षेत्र आहे. ज्यांची मुले दूर आहेत असे वृद्ध प्रत्येक गल्लीत आहेत. माळ्यावरची पेटी खाली काढायला त्यांच्या हातांत बळ नाही आणि बँकेच्या अर्जावर कोठे सही करायची ते सांगायला जवळ कोणी नाही. महिन्यातला एक रविवार अशा घरी गेला, तर त्यांची पेटी उतरेल, वही लिहिली जाईल आणि तासभर मनातलेही बोलून होईल. याला ना निधी लागतो ना मंडप.

येत्या घटस्थापनेपूर्वी घरोघर पुन्हा दसरा काढला जाईल. भांडी लख्ख होतील, गोधड्या उन्हात पडतील. त्या गडबडीत एक दुपार राखून ठेवावी, आजोबांची ट्रंक अंगणात आणावी आणि आजी खाटेवर बसलेली असतानाच तिचे झाकण उघडावे.