पावती फाडा, सभेला या

कॉलेजातला एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याचे तास तासिका तत्त्वावर वाटून टाकले जातात, हे कोल्हापुरात आता कुणाला नवं नाही. त्याच दिवशी आणखी एक जागा रिकामी होते. ती असते 'सुटा'च्या सभासद यादीतली, आणि तिची जाहिरात कधीच निघत नाही.

सुटा म्हणजे शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेज शिक्षकांची संघटना आणि 'एम्फुक्टो' या राज्य महासंघाची एक भक्कम फळी. आज ती कुणी बंद पाडत नाही. ती म्हातारी होते आहे. सभेला पुढच्या रांगेत पांढरे केस, मागच्या रांगा मोकळ्या. आपण आत्ताच जागे झालो नाही तर काही वर्षांनी पत्रकावर सही करायलाही माणूस शोधावा लागेल.

'प्राध्यापकांना एवढे पगार, वर संघटना कशाला?' चहाच्या टपरीवर हा प्रश्न आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. त्याचं उत्तर जुन्या मंडळींकडे आहे. पगार थेट बँकेत येण्याआधीच्या काळात पूर्ण रकमेवर सही आणि हातात त्याहून कमी पैसे, हा प्रकार खासगी कॉलेजांत चालायचा. तो कुणाच्या उदारपणामुळे थांबला नाही. १९८७ साली देशभरातले कॉलेज शिक्षक संपावर गेले, तेव्हाही वेतनश्रेणी झोपेत मिळाली नव्हती. आज ज्याला आपण 'प्राध्यापकाचा पगार' म्हणतो, त्यामागे ही सगळी पायपीट आहे.

आणि पायपीट फक्त पगाराची नाही. १९ सप्टेंबर १९९१ आणि ३ एप्रिल २०००, या दोन तारखा निवृत्तीला आलेल्या कुठल्याही प्राध्यापकासमोर उच्चारून बघा. तो अर्धा तास बोलेल. या दोन तारखांच्या मधल्या काळात नेट-सेट ही पात्रता परीक्षा झालेली नसताना नेमले गेलेले हजारो शिक्षक वर्षानुवर्षं शिकवत राहिले, पेपर तपासत राहिले, आणि बढतीची वेळ आली की त्यांची सेवा जणू घडलीच नव्हती. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवा नियमित झाल्या, पण आधीच्या वर्षांचं काय, हे भांडण उरलंच. एकट्या माणसाने हे लढवलं असतं तर वकिलाच्या फीमध्येच तो मोडला असता. संघटनेने फायली जमवल्या, निवेदनं दिली, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या.

कायद्याची एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्याच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात दिला. म्हणजे कामगार न्यायालयाचं दार आपल्याला बंद. कॉलेजातून काढून टाकलं तर विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे जायचं, आणि तेही तीस दिवसांच्या आत. आता समजा चंदगडच्या एखाद्या तरुण शिक्षिकेला दिवाळीच्या सुट्टीत बडतर्फीचं पत्र आलं. ही मुदत तिला कोण सांगणार? गुगल? ज्याने पूर्वी अशी दहा अपिलं करून पाहिली आहेत, असा कुणी तरी फोनवर हवा. तो माणूस संघटनेतच घडतो.

नेमकी हीच परंपरा तुटायला आली आहे. वेतननिश्चिती कशी तपासायची, स्थाननिश्चितीचा प्रस्ताव कुठे अडतो, सहसंचालक कार्यालयात कुठला कागद कमी पडतो, सेवापुस्तकातली कुठली नोंद पुढे पेन्शनला नडते, हे ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. ते काही ज्येष्ठांच्या डोक्यात आणि घरच्या कपाटांतल्या गठ्ठ्यांत आहे.

तरुण का येत नाहीत? आळशी आहेत म्हणून नव्हे. येण्याजोगे तरुण कायम नोकरीतच नाहीत! मे २०१७ मध्ये शासनाने भरतीवर बंदी घातली. नंतर ती तुकड्यातुकड्याने उठली. २०२१ साली राज्यभर २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या पदांना मंजुरी मिळाली, तीही मोठ्या पाठपुराव्यानंतर, आणि प्रत्यक्ष नेमणुका त्याहून सावकाश. मधल्या काळात वर्ग चालवले ते सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी मोटारसायकलवरून दुसऱ्या कॉलेजात, मे महिन्यात हातात काहीच नाही. पीएचडी झालेली, सेट झालेली ही माणसं. त्यातला एखादा सभेत उठून बोलला, तर जूनमध्ये त्याची ऑर्डर निघेल का, याची खात्री त्याला कोण देणार?

कोल्हापूरकरांना तालीम सांगावी लागत नाही. हौद्यातली लाल माती रोज उकरली नाही की दगडासारखी होते आणि त्यावर कुणी कुस्ती धरत नाही. आपल्या संघटनेची माती बरीच वर्षं नीट उकरलेली नाही.

यात नुकसान फक्त शिक्षकांचं आहे, असं समजू नका. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेत शिक्षकांचे दहा निवडून आलेले प्रतिनिधी ठेवले आहेत. परीक्षेचा गोंधळ, फीवाढ, अभ्यासक्रमाची घाई यावर तिथे प्रश्न विचारायचे ते यांनीच. त्यांना निवडून देणारे कायम शिक्षकच कमी होत गेले तर तो आवाज आपोआप बारीक होतो. जो शिक्षक पुढच्या जूनची काळजी करतो आहे, तो तुमच्या मुलीच्या बाजूने संस्थाचालकासमोर उभा राहील, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आता एक अवघड गोष्ट. २०१३ साली ४ फेब्रुवारी ते १० मे एम्फुक्टोने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्या रास्त होत्या. शासनाने ७१ दिवसांचा पगार अडवला, तोही पुढे कित्येक वर्षं प्रश्न बनून राहिला. पण पालक रागावले, आणि तो राग खोटा नव्हता. मुलांचे निकाल लांबणार या धास्तीने घराघरांत आपल्याबद्दल जे बोललं गेलं, त्याचा परिणाम अजून पुसलेला नाही. माझं मत स्पष्ट आहे: यापुढचा लढा विद्यार्थी आणि पालक सोबत असतील तरच जिंकता येईल. त्यांना आधी विश्वासात घ्यायचं, मग मोर्चा काढायचा.

मग करायचं काय? सगळ्यात आधी सीएचबी शिक्षकांना आत घ्यायचं, पाहुणे म्हणून नव्हे, घरचे म्हणून. त्यांच्या मागण्या संघटनेच्या निवेदनांत असतात, हे खरं. पण निवेदनात असणं वेगळं आणि व्यासपीठावर असणं वेगळं. त्यांची वर्गणी नाममात्र ठेवा. कार्यकारिणीत त्यांना जागा द्या. बोलण्याची जोखीम कायम नोकरीतल्याने घ्यावी, माहिती तासिका शिक्षकाने द्यावी. आणि सीएचबी मित्रांनो, तुम्हीही नेमणुकीचं पत्र, वेळापत्रक, घेतलेल्या तासांची नोंद, सगळं जपून ठेवा. उद्या तोच पुरावा आहे.

निवृत्त सर आणि मॅडम, तुमच्याकडे आता वेळ आहे, हे आम्हाला ठाऊक आहे (नातवंडांची शाळा सोडून उरलेला!). गडहिंग्लज, गारगोटी, इस्लामपूर, कराड, जिथे असाल तिथे महिन्यातून एक दुपार द्या. चार तरुणांना घेऊन बसा आणि एक पेन्शन केस पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत उलगडून दाखवा. घरातली जुनी पत्रकं, परिपत्रकं, मोर्चांचे फोटो रद्दीत घालू नका. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात या कागदांचा एक संग्रह उभा राहावा, यासाठी आपण मिळून अर्ज करू.

पालकांनो, प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, होस्टेल विचारतो. त्याच खिडकीवर एक प्रश्न आणखी विचारा: या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? उत्तर मिळालं नाही तर लेखी विचारा. माजी विद्यार्थ्यांनी मेळाव्यात हाच प्रश्न प्राचार्यांना प्रेमाने विचारावा. बरेच प्राचार्य मनातून खूश होतील, कारण रिकाम्या जागांचा त्रास त्यांनाही होतो. जे संस्थाचालक सीएचबींचं मानधन वेळेवर देतात, त्यांचं जाहीर कौतुकही करू.

राजर्षी शाहूंनी याच कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यांचं नाव घेऊन आपण भाषणं पुष्कळ केली. आता थोडं काम करू.

यंदा सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक पावती पुस्तक पोहोचू द्या. कायम शिक्षकाने स्वतःची पावती फाडावी आणि शेजारी बसणाऱ्या सीएचबी सहकाऱ्याला पुढच्या सभेला आपल्या गाडीवरून घेऊन यावं.