पामेरियन नावाचा आपला कुत्रा

आपल्याकडे कुत्र्यांच्या जाती एकूण पाचच. पांढरा आणि केसाळ दिसला की पामेरियन, काळा-तांबूस आणि कान ताठ असले की अल्सेशियन, पिवळट आणि गुबगुबीत असला की लॅब, चेहरा चेपलेला असला की 'तो हचवाला', आणि या चारांत कुठेच बसला नाही की गावठी. संपलं प्राणिशास्त्र!

सकाळी सहा-साडेसहाला क्रांती चौकात या. जालना रोड अजून झोपेतून उठायचा असतो, चहाच्या टपऱ्या नुकत्या पेटलेल्या असतात, आणि समर्थनगर, उस्मानपुरा या बाजूंनी फिरायला निघालेली मंडळी कुत्र्यांना घेऊन येत असतात. त्यांच्यातले संवाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे. "काका, पामेरियन का?" "हो तर, प्युअर आहे!" ते 'प्युअर' म्हणताना काकांची छाती दोन इंच फुगते. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो तो पामेरियन नसतोच. तो असतो इंडियन स्पिट्झ.

आता कुणी म्हणेल, असेना का! पण थोडं थांबा, कारण हा घोळ नुसता गमतीचा नाही.

आधी फरक सांगतो. आज जगभर ज्याला पामेरियन म्हणतात तो कुत्रा जेमतेम दीड ते सव्वातीन किलोचा असतो. तोंड आखूड, कान इवले, केस इतके दाट की लोकरीचा गुंडा चालतोय असं वाटावं. रंग बहुतेक वेळा नारिंगी. आपल्याकडचा स्पिट्झ त्याच्या दुप्पट तरी असतोच. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याचे दोन प्रकार मानतो: लहान साधारण पाच ते सात किलोचा, आणि मोठा बारा ते वीस किलोचा. त्याचं तोंड जास्त लांब, कान मोठे, केस भरपूर पण पामेरियनइतके दाट नाहीत. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी 'हम आपके हैं कौन' (१९९४) पाहिलाय, आणि पाहिला नाही असं कोण आहे, त्यांना टफी आठवत असेल. क्रिकेटच्या सामन्यात अंपायर झालेला तो! तो टफी इंडियन स्पिट्झ. अख्ख्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं आणि अख्ख्या देशाने त्याला पामेरियन म्हटलं.

बरं, यात काकांना हसायचं कारण नाही. या चुकीला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश, आज तो पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. तिकडून इंग्लंडात आलेली ही कुत्री मुळात चांगली मोठी होती. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून एक छोटं पामेरियन आणलं, मार्को त्याचं नाव. राणीला लहान कुत्री आवडतात म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवीशी झाली, आणि पुढच्या काही दशकांत निवडून-निवडून पैदास करून ही जात पार खेळण्याएवढी करून टाकली. इंग्रजांबरोबर याच घराण्यातली कुत्री हिंदुस्थानात आली होती, ती मात्र इथल्या उन्हात, इथल्या अन्नावर, इथल्याच पिढ्यांतून वाढत गेली. तिकडचा कुत्रा बदलला, इकडचाही बदलला, पण नाव तेच चिकटून राहिलं. म्हणजे काकांच्या तोंडात जो शब्द आहे तो जुना आहे, खोटा नाही. फक्त त्या शब्दाने ओळखला जाणारा कुत्रा मधल्या काळात दुसराच झालाय.

आणि हा आपला स्पिट्झ किती सोयीचा! परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर बंधनं होती त्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत हाच होता. वरण-भात, दूध-पोळी खाऊन राहायचा, मे महिन्यातला मराठवाड्याचा उन्हाळा काढायचा, दोन खोल्यांच्या घरात मावायचा आणि बेल वाजायच्या आधी भुंकायचा. एवढ्या गुणांचा प्राणी, पण त्याचं स्वतःचं नाव सांगायला आपल्याला कमीपणा वाटतो.

"नावात काय आहे?" हा प्रश्न निदान आपल्या शहरात तरी कुणी विचारू नये! तीस वर्षांहून जास्त काळ आपण शहराच्या नावावरून भांडलो, २०२३ मध्ये ते अधिकृतपणे बदललं, आणि अजून दोन माणसं भेटली की कोण कुठलं नाव घेतं यावर कान टवकारले जातात. नावात बरंच काही असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुत्र्याच्या बाबतीत काय असतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे खिसा. दीड महिन्याचं पिल्लू म्हणजे कापसाचा बोळा. स्पिट्झ काय आणि पामेरियन काय, नवख्याला काही कळत नाही. विकणारा सांगतो 'टॉय पॉम आहे, एवढाच राहील', किंमत त्याप्रमाणे लावतो, आणि वर्षभरात तो बोळा आठ किलोचा होतो. मग घरचे त्याचं खाणं कमी करतात. मी अशी घरं पाहिली आहेत. वाढत्या वयाचं पिल्लू, आणि का, तर नाव पामेरियन आहे म्हणून त्याने लहान राहायला हवं! उलटही होतं. खऱ्याखुऱ्या दोन किलोच्या पामेरियनची हाडं नाजूक, गुडघ्याची वाटी सरकायचा धोका, श्वासनलिका कमकुवत. त्याला सोफ्यावरून उडी मारू देऊ नये, गळ्यातल्या पट्ट्याने ओढू नये, छातीभोवतीचा पट्टा वापरावा. पण घरातल्या आजोबांनी आयुष्यभर 'पामेरियन' म्हणून धडधाकट स्पिट्झ पाळलेला असतो. ते म्हणतात, काही होत नाही, आमचा बंड्या गच्चीच्या जिन्यावरून उड्या मारायचा. बंड्या मारत असेल. हा बंड्या नाही.

दुसरी गोष्ट थोडी टोचणारी आहे. आपल्याला आपला कुत्रा आवडला की आपण त्याला परदेशी करून टाकतो, आणि नाही आवडला की गावठी. मधलं काही नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच आहे. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात, आणि तिथून खाली कर्नाटकापर्यंत, कारवानी नावाचा शिकारी कुत्रा शेतकऱ्यांनी आणि भटक्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळला. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, वाऱ्यासारखा पळणारा. कानावर-शेपटीवर रेशमी केस असले की त्यालाच पश्मी म्हणतात. हा कुत्रा कुणी शहरात फिरायला आणला की दोनच प्रतिक्रिया येतात. जाणकार असल्याचा आव आणणारा विचारतो, "ग्रेहाउंड का?" आणि बाकीचे हळहळतात, "अरेरे, बरगड्या दिसतायत, खायला घालत नाहीत की काय!" नजरेने शिकार करणाऱ्या पळपुट्या जातींच्या बरगड्या थोड्या दिसणं हे तब्येतीचं लक्षण असतं, उपासमारीचं नाही. अंगावर चरबी कमी म्हणून त्यांना भूल देतानाही डॉक्टर वेगळी काळजी घेतात. म्हणजे जात ठाऊक असणं इथे अगदी जिवाशी येऊ शकतं. पण ठाऊक कुणाला असणार? याच कुत्र्याला केनेल क्लब ऑफ इंडिया 'कॅरव्हान हाउंड' म्हणतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जात जोपासली म्हणून ते नाव. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, त्यातही मुधोळ होता. लोकांनी कौतुकाने ऐकलं. पण आपल्या लातूरकडचा तो 'हडकुळा' कुत्रा आणि पंतप्रधानांनी सांगितलेला कुत्रा एकाच रक्ताचे, हे किती जणांच्या लक्षात आलं?

आवडीचं झालं, आता भीतीचं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून २३ प्रकारच्या 'हिंस्र' कुत्र्यांच्या आयातीवर, विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घालायला सांगितलं. ती यादी नीट वाचण्यासारखी होती. तीत टोसा इनू एकदा होता आणि पुढे 'जपानी टोसा' म्हणून पुन्हा होता. एकच कुत्रा, दोन नावांनी, दोनदा! शिवाय एका जागी नुसतंच 'टेरियर' लिहिलेलं. टेरियरमध्ये ओंजळीत मावणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा येतो, आता बोला. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्रक रद्द केलं. चावणाऱ्या कुत्र्याचा आणि बेपर्वा मालकाचा बंदोबस्त व्हायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण जिथे बंदी घालणाऱ्यालाच जात नीट ओळखता येत नाही, तिथे सोसायटीचा सेक्रेटरी ती ओळखणार आहे का? रुंद डोक्याचा, आखूड केसांचा कुठलाही कुत्रा मग 'पिटबुल' ठरतो आणि त्याच्या मालकाला घर सोडायची पाळी येते.

नुसत्या डोळ्यांनी जात ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. २००९ साली अमेरिकेत २० दत्तक कुत्र्यांची डीएनए तपासणी केली, तेव्हा दत्तक देणाऱ्या संस्थांनी सांगितलेल्या जाती आणि तपासणीत निघालेल्या जाती यांचा बहुतेक वेळा मेळच बसला नाही. आणि २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. एखादा कुत्रा दुसऱ्यापेक्षा वेगळा वागतो त्यात जातीचा वाटा सरासरी फक्त नऊ टक्के निघाला. म्हणजे जात आपल्याला अंगाबद्दल सांगते: किती वाढेल, किती पळवावं लागेल, उन्हात काय होईल, कुठलं हाड दुखेल. स्वभावाबद्दल फारच थोडं सांगते. आपण मात्र बरोबर उलटं करतो. स्वभाव जातीवरून ठरवतो आणि अंगाची काळजी घेताना जात विचारातच घेत नाही. (माणसांच्या बाबतीत आपण काय करतो, तो विषय आज नको.)

माझं म्हणणं एवढंच की नाव बरोबर घ्या, आणि घेताना मान खाली घालू नका. याला एक अगदी व्यवहारी कारण आहे. २००३ साली हच कंपनीची ती जाहिरात आली आणि बघता बघता पग घरोघर आला. बिचाऱ्याचं नाक इतकं दबलेलं की आपल्या उन्हाळ्यात त्याला धड श्वास घेता येत नाही. तरी लोक नाव घेऊन तो मागत होते, म्हणून तो मिळत गेला. नंतर हस्कीचं वेड आलं, बर्फातला कुत्रा आपण चाळीस डिग्रीत आणून ठेवला. स्पिट्झ मात्र मागे पडत गेला. पूर्वी गल्लीत चार दिसायचे, आता क्रांती चौकात आठवड्यातून एखादा दिसतो, तोही बहुधा म्हातारा. कसा टिकणार? ज्याला पामेरियन हवाय तो आता खरा पामेरियन आणू शकतो. आणि 'मला इंडियन स्पिट्झ द्या' असं दुकानात जाऊन म्हणणारा कुणी नाही, कारण आपल्या घरात पंधरा वर्षं स्पिट्झ होता हेच कुणाला ठाऊक नाही. ज्याचं नाव नाही त्याला मागणी नाही, मागणी नाही त्याची नीट पैदास नाही. एक चांगली जात अशी संपते, कुणीही वाईट न वागता.

ज्या चौकात १८५७ च्या बंडवाल्यांची आठवण म्हणून काळा चबुतरा जपलाय, तिथून व्हिक्टोरिया राणीच्या आवडीच्या कुत्र्याचं नाव मिरवत जायची आपल्याला खरंच काही गरज नाही. घरी असा पांढरा, केसाळ, बेलच्या आधी भुंकणारा कुणी असेल तर एकदा त्याचं वजन करा, तोंडाची लांबी बघा. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, "पामेरियन का?" तर सरळ सांगा, "नाही हो, इंडियन स्पिट्झ. आपलाच आहे."

विचारणारा थोडा गोंधळेल. गोंधळू दे.