कोकणात जाताना कपडे कोणते घ्याल?



कांदा चाळीत पडला, द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली, की मे महिन्यात चार दिवस मोकळे मिळतात. मग घरात विषय निघतो, यंदा गणपतीपुळ्याला जाऊन यायचे का? जरूर जा. पण पिशव्या भरताना एक ध्यानात ठेवा, आपल्या हवेचा हिशेब तिकडे चालत नाही.

मे महिन्यात नाशिककडे पारा ४० अंशांना टेकतो. रत्नागिरीला तो बहुधा ३३-३४ वरच थांबतो. म्हणून तिकडे गारवा असेल असे समजू नका. कसारा घाट उतरला की अंग चिकट व्हायला लागते. आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम चटकन उडतो आणि अंग गार होते. माठातले पाणीही असेच गार होते. समुद्रकाठची हवा आधीच ओली असते. तिथे घाम लवकर उडत नाही आणि माठही आपल्याइतका गार होत नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा धाकट्या भाचीला हौसेने नवा नायलॉनचा झगा घातला होता. संध्याकाळपर्यंत तिच्या गळ्याभोवती आणि काखेत घामोळ्या उठल्या. पोर रात्रभर रडत होती. शेवटी आजीने झगा काढून तिचे अंग गार पाण्याने पुसले आणि आपल्या जुन्या लुगड्यावर तिला उघडी निजवली, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला.

तेव्हा कपडे निवडताना आपली कांद्याची चाळ आठवा. कांद्याला वारा लागला तर तो टिकतो, कोंडला की सडतो. अंगाचेही तसेच आहे. कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे आणि धुऊन मऊ झालेले असावेत. पुरुषांना दोन सदरे, दोन लेंगे किंवा धोतरे पुरतात. बायकांनी पातळ सुती साड्या घ्याव्यात. येवल्याची पैठणी कपाटातच राहू द्या. जाड टॉवेलऐवजी पंचे घ्या, ते लवकर वाळतात. मात्र ज्याचा पंचा त्यानेच वापरावा, नाहीतर एकाचे गजकर्ण साऱ्या घराला होते.

आतले कपडे आणि लहानग्यांची झबली-लंगोट मात्र जास्त घ्या. तिकडे रात्री धुतलेला कपडा सकाळी वाळेलच असे नाही, आणि दमट कपडा अंगात घातला की जांघा लाल होतात. तान्ह्या बाळाला टोपडे, स्वेटर घालून गुंडाळू नका. बाळाची मान आणि पाठ घामाने भिजलेली लागली, तर एक कपडा कमी करा आणि अंगावर पाजत राहा.

समुद्रात उतरायला एक जुना जोड वेगळा ठेवा. साडी नेसून पाण्यात शिरू नका. भिजून जड झालेली साडी पायात गुंतते, आणि लाटेत तोल गेला तर सावरता येत नाही. पोरांचा हात धरून काठावरच खेळा. ते कपडे आधी गोड्या पाण्यात खळबळून काढा. कपड्यात मीठ राहिले तर ते हवेतले पाणी ओढते आणि कपडा ओलसरच राहतो.

पिशवीत वाळत घालायला दोरी, चार चिमटे आणि ओल्या कपड्यांसाठी एक वेगळी पिशवी टाका. ओला कपडा कोरड्यांत कोंबला, तर एका सडक्या कांद्याने सारी चाळ बिघडावी तसे होते. सगळ्यांना कुबट वास लागतो.

घरी परतल्यावर पिशव्या तशाच कोपऱ्यात ठेवू नका. त्याच दिवशी सारे कपडे धुऊन अंगणातल्या कडक उन्हात घाला. पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि पेरणी सुरू झाली की कपड्यांकडे बघायला कोणाला सवड मिळणार?