पोट्ट्यांच्या मनाचा पंचनामा कोण करणार?



२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांना पॅकेज दिलं. आमचा बुलढाणा त्यात होता. तेव्हापासून बाप जीव देतो अन् तलाठी पंचनाम्याला येतो. सातबारा बघतात, कर्ज बघतात, मग मेलेल्या माणसाला पात्र किंवा अपात्र ठरवतात. पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो मजूर मेल्यावरही अपात्र. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी जीव दिला, त्यात ६,०८३ शेतमजूर होते. निम्म्याहून जास्त. भूमिहीन म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि त्यांची पोट्टी? त्यांचा कुठलाच पंचनामा नाही. पोरगं वर्गात मुकं होतं, रात्री दचकून उठतं. मास्तर म्हणतो, मठ्ठ हाय. आजी म्हणते, नजर लागली. मन दुखतं असं कुणी म्हणत नाही. मन ही जणू वरच्या आळीची चैन.

सरकारनं समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. नंबर पाठ करा, वस्तीत सांगा. पण घरात फोन एक, तो मायजवळ, अन् माय रानात.

माझं भांडण आणखी आहे. गोदीत कंबर धरली की मालिश सांगतात, ओझं कमी करत नाहीत. समुपदेशनाचं तसं होऊ नये. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. त्या पोराला कुणी ‘बाळा, शांत हो, श्वास मोज’ एवढंच शिकवलं असतं तर गोणपाट तिथंच राहिलं असतं!

म्हणून समुपदेशन फालतू आहे का? मुळीच नाही. २०१६ साली खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. कधी? मुली दिवाळीला घरी गेल्या तेव्हा. शाळेच्या भिंतीला कान असतील, पण त्या मुलींसाठी तिथं एकही माणसाचा कान नव्हता.

हा कान शहरातून आयात करायची गरज नाही. झिंबाब्वेत हरारेच्या म्बारे वस्तीत २००६ साली डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरनं १४ आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारात बाकड्यावर बसून त्या लोकांचं दुःख ऐकू लागल्या. तिथं मोठ्यांसाठी झालं, इथं पोरांसाठी का होऊ नये? आपल्या वस्तीतल्या बाया काऊन नाही? त्यांना शिकवा, शाळेत बसवा, आणि मानधनाचा तुकडा नको, पूर्ण पगार द्या. पोरगं म्हणालं, ‘मला मागं बसवतात’, तर त्या बाईला थेट मास्तराला जाब विचारायचा अधिकार पाहिजे.

तोवर आपण काय करणार? जयंतीला गावी जाल तेव्हा वर्गणी द्या, नाचा. पण एक संध्याकाळ विहारात पोट्ट्यांजवळ बसा. भाषण ठोकू नका. त्यांना बोलू द्या. आणि जे ऐकाल ते गिळू नका. त्याचा अर्ज करा, मोर्चा करा!

जय भीम.