अब्बांना घरी आणावे का?

लवळ्याहून एका भगिनीने विचारले आहे : “अब्बांच्या यकृतात गाठ आहे. डॉक्टर किरणोत्सारी कण आत सोडणार आहेत. घरात लहान मुले आहेत. अब्बांना नंतर घरी आणावे का?”

डॉक्टरांनी सुट्टी दिली की जरूर आणा. यकृतासाठी बहुधा यट्रियम-९० असलेले सूक्ष्म गोळे वापरतात. काचेचे गोळे २० ते ३० मायक्रॉनचे, केसाहून बारीक असतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही ते बनवले आहेत. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून ते यकृताच्या धमनीत सोडतात. गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळते, निरोगी यकृताला शिरेतून. म्हणून बहुतेक गोळे गाठीत अडकतात. किरणे शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर जातात. त्यांचा जोर दर ६४ तासांनी निम्मा होतो. अकराव्या दिवशी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो.

तरी पहिले काही दिवस अब्बांनी मुलांना कुशीत घेऊ नये, गरोदर बाईने अंतर ठेवावे. नेमके किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

याहून हजारपट लहान, नॅनो आकाराचे किरणोत्सारी सोन्याचे कण अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने उंदरांच्या प्रोस्टेट गाठींत टोचून पाहिले. गाठींची वाढ रोखली गेली. पण ते अजून नेहमीच्या उपचारात नाहीत. त्या नावाने कोणी पैसे मागितले, तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

आणि अब्बांना खोलीत एकटे टाकू नका. दारातून का होईना, नातवंडांचा सलाम त्यांच्या कानी पडू द्या.