खाजगीपणाचा पडदा

एखाद्या कारखान्यांत कायम कामगार किती, कंत्राटी किती, अपघातांत जखमी झाले किती, एवढेंच सरकारी कचेरींत विचारलें, कीं पुष्कळदां उत्तर येतें, ‘कंपनी खाजगी आहे!’ असेना का! सरकारी कचेरीस अन्य कायद्यान्वयें खाजगी संस्थेकडून जी मिळवितां येते, तीही ‘माहिती’च होय, असें २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या कलमांतच लिहिलें आहे. अकरावें कलम कंपनीचें म्हणणें मागवावयास सांगतें खरें. पण म्हणणें मागविणें म्हणजे परवानगी मागणें नव्हे. कित्येक अधिकारी मात्र कंपनीचा नकार आपल्या कागदावर उतरवून मोकळे होतात!

वैयक्तिक माहितीची सूट २०२३ च्या कायद्यानें रुंदावली व ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आली. आतां हा नवा आडोसा. कामगारांचीं नांवें व पत्ते अवश्य झांकावेत. तीं मागणाऱ्याचा हेतु नेहमीं शुद्धच असतो असें नाहीं. परंतु संख्येस कसलें आलें आहे नांवगांव? झांकण्याजोगें वगळून उरलेलें द्यावें, म्हणून तर दहावें कलम आहे. राहिलें व्यापारी गुपित. कंत्राटी मजुरांचा आंकडा ज्या कंपनीस गुपित वाटतो, तिनें तो कोणापासून राखावयाचा तें एकदां सांगावें. प्रतिस्पर्ध्यापासून, कीं तिच्याच दारांत राबणाऱ्यांपासून?